लग्नाची सही वेगळी, जमिनीची सही वेगळी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपल्या वस्त्यांतून सामाजिक कामाच्या निमित्ताने फिरताना एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस येऊ लागली आहे. मुलगा आपला, मुलगी आपली. दोघेही बौद्ध, दोघेही कमावते, एकमेकांना पसंत. कुंडली बघायची नाही, हुंडा घ्यायचा नाही, हे दोन्ही घरांना मान्य. आणि तरीही लग्न अडते. कशावर अडते? तर गावाकडच्या एक-दीड एकर जमिनीवर!

वाचक म्हणतील, आपल्या समाजाकडे जमीन आहेच कुठे? प्रश्न खरा आहे. बहुसंख्य कुटुंबांकडे ती नाहीच. पण ज्यांच्या वाट्याला वाडवडिलांकडून वीस-तीस गुंठे का होईना आले, त्यांच्या घरात आज तोच तुकडा तरुण पोरापोरींच्या प्रेमाला आडवा येत आहे. याविषयी घराबाहेर कोणी बोलत नाही. मुली मुकाट सही करतात किंवा मुकाट रडतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन घरे, एकच भीती

ओळख पटू नये म्हणून नावगाव गाळून एक उदाहरण देतो. मुलगी बदलापूरपलीकडच्या एका खेड्यातली. नर्सिंगचा कोर्स करून उल्हासनगरला एका खासगी दवाखान्यात नोकरीला. मुलगा अंबरनाथचा, एमआयडीसीतल्या कारखान्यात कंत्राटी कामगार. त्याचे वडील १९७२ च्या दुष्काळात आईबापाचे बोट धरून जालन्याकडून इकडे आले आणि इथलेच झाले. विहारातल्या अभ्यासवर्गात दोघांची ओळख झाली. चार वर्षे दोघांनी वाट पाहिली, मुलाच्या बहिणीचे लग्न होऊ दिले, मग घरी सांगितले.

मुलीच्या घरची जमीन जुन्या वतनाची. सात-बारावर भाऊबंदांची अकरा नावे, त्यात तिच्या वडिलांच्या हिश्श्याला सुमारे तीस गुंठे. भाऊ रिक्षा चालवतो, तीही कर्जाची. बदलापूरच्या इमारती गावाच्या वेशीपर्यंत आल्या तसे दलाल घरी येऊ लागले. भावाने बहिणीला सांगितले, "तुझं लग्न मी लावून देतो, मांडवाचा खर्चही माझा. फक्त त्याआधी हक्कसोडपत्रावर सही कर." वडील म्हणाले, "पोरी, दादाला दुखवू नको. माहेर तुटेल."

तिकडे मुलाच्या घरी वेगळाच पेच. जालन्याकडे दोन एकर कोरडवाहू, वडील आणि चुलते यांच्या सामाईक नावावर. कसतात चुलते. दरवर्षी ज्वारीचे एक पोते अंबरनाथला येते. चुलत्यांचा निरोप आला, "पोराला माझ्या मेव्हण्याची मुलगी करा. शहरातली पोर आणली तर ती उद्या नवऱ्याला वाटणी मागायला लावील." वडील आयुष्यभर कारखान्यात राबले. म्हातारपणी गावी जाऊन लिंबाखाली बसायचे एवढेच त्यांचे स्वप्न. भावाला नाराज केले तर गावाची वाट बंद होईल, ही त्यांना धास्ती.

बघा, दोन घरांत शंभर कोसांचे अंतर, पण भीती एकच. येणारे माणूस वाटा मागेल! इकडे भावाला जावयाची भीती, तिकडे चुलत्याला सुनेची. आणि या भीतीची किंमत मोजायची कोणी? ज्यांनी एकमेकांवर जीव लावला, त्यांनी.

मुलगी आम्हाला म्हणाली, "भाऊ, सही दिली तर लग्न होतं. नाही दिली तर मी लोभी ठरते. मी काय करू?" या एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल.

जमिनीची माया कुठून आली?

म्हाताऱ्यांची जमिनीवरची माया हा निव्वळ लोभ आहे असे तरुणांनी समजू नये. ज्या समाजाला सावलीपुरती जागाही आपली म्हणता येत नव्हती, त्याला सात-बारावरचे नाव म्हणजे काय, हे शहरात जन्मलेल्यांना कळायला वेळ लागतो. उल्हासनगर हे तर जमीन सुटलेल्यांचेच शहर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शेजारच्या नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी सरकारने घेतलेली जमीन परत मिळावी म्हणून जून २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांशी संघर्ष झाला. तीन पिढ्या उलटल्या तरी गेलेली जमीन माणूस विसरत नाही.

आपल्या समाजाची जमीन तर चाकरीला बांधलेली होती. गावाने हाक मारली की रात्री-अपरात्री धावायचे, सरकारी टपाल पोचवायचे, अधिकारी आला की त्याची सरबराई करायची, मेलेली गुरे ओढायची. या सगळ्याच्या बदल्यात वतनाचा तुकडा आणि बलुते. १९२७ साली सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारत'मधून बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा सुधारण्याचे विधेयक मांडले. त्यातला मुद्दा आजही लक्षात घेण्याजोगा आहे. जमीन सोडून द्या असे बाबासाहेब म्हणत नव्हते. पूर्ण सारा भरून जमीन इतर रयतेसारखी आपल्या हक्काने ठेवा आणि तिच्या मानेवरचे चाकरीचे जू काढा, असा तो विचार होता. जमीन राहावी, गुलामी जावी!

ते विधेयक त्या वेळी तडीस गेले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा १९५८ चा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला, तेव्हा वतनी चाकरी कायद्याने संपली आणि जमिनी पुन्हा वतनदारांना देण्यात आल्या. पण नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतर करता येणार नाही, अशी. सात-बारावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलेले दिसते ते यासाठीच. ज्यांना तेवढाही तुकडा नव्हता त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला. हजारो बायाबापड्या कडेवर पोरे घेऊन तुरुंगात गेल्या.

अशी ही जमीन. चाकरीची अट तोडण्यासाठी ज्या समाजाने एवढा लढा दिला, त्याच समाजातला भाऊ आज बहिणीला म्हणतो, 'सही दे, मग लग्न'. जुनी अट गेली आणि आपण आपल्याच लेकीच्या गळ्यात नवी अट बांधली. याला काय म्हणावे?

भावाचे दुखणेही खोटे नाही

परंतु एकट्या भावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून आमचे काम संपत नाही. त्याची बाजूही ऐकली पाहिजे. एकेकाळी अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना होता, शहाडला रेयॉन, ऑर्डनन्स फॅक्टरी, नंतर एमआयडीसी. बापाला कायम नोकरी होती, प्रॉव्हिडंट फंड होता. मुलाला कंत्राटदाराचे कार्ड आहे. आज आहे, उद्या नाही. अशा वेळी तीस गुंठे हेच त्याचे प्रॉव्हिडंट फंड. त्यात मुंबई-वडोदरा महामार्गासाठी या तालुक्यातल्या जमिनी गेल्या, कोणाच्या घरी मोबदला आला, कोणाच्या घरी भांडणे आली. शेजाऱ्याचे पाहून याचेही मन फिरले तर नवल नाही.

म्हणून आम्ही भावाला एवढेच विचारले, "तुझी अडचण खरी आहे. पण ती बहिणीच्या लग्नाशी का बांधतोस? ती अडचण तुझ्या रिक्षाच्या कर्जाची आहे, तिच्या प्रेमाची नाही." त्याच्याकडे उत्तर नव्हते.

सिगालाला काय सांगितले?

आपण विहारात ज्या सिगालोवाद सुत्ताविषयी ऐकतो, त्यात भगवंतांनी गृहस्थाला सहा दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. आईवडिलांची मुलांप्रति पाच कर्तव्ये त्यात आली आहेत. वाईटापासून आवरावे, चांगल्याला लावावे, कामधंदा शिकवावा, अनुरूप जोडीदाराशी विवाह करून द्यावा आणि योग्य वेळी वारसा स्वाधीन करावा. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयामध्ये हा उपदेश घेतला आहे.

नीट पाहा. विवाह हे एक कर्तव्य, वारसा हे दुसरे. दोन्ही आईवडिलांनी करावयाची. एकाच्या बदल्यात दुसरे काढून घ्यावे, असे त्यात कुठेही नाही. लग्न लावून दिले म्हणून वारसा फिटला, हा हिशेब धम्माचा नव्हे, सावकाराचा आहे. आणि मुलांनाही त्याच सुत्तात कर्तव्ये सांगितली आहेत. ज्यांनी पोसले त्यांना पोसावे आणि वारशाला पात्र व्हावे. हक्क सांगणाऱ्या तरुणांनी हा भाग गाळून वाचू नये.

कागद काय म्हणतो?

आम्ही पेशाने कारकून. कागदाची भाषा थोडीफार कळते, म्हणून साध्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट. वारसा कायद्याच्या नावात 'हिंदू' शब्द आहे म्हणून तो आपल्याला लागू नाही, असे सांगणारे शहाणे भेटतात. ते चूक आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्ध, जैन, शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलीच्या हक्कासाठी बाबासाहेब हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपद सोडून बाहेर पडले, हे आपल्या पोरींनी विसरू नये.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना, म्हणजे त्या तारखेपूर्वी लग्न न झालेल्या मुलींना, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित हा भेदही गेला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितले की, मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे. वडील २००५ साली हयात होते की नव्हते, याने फरक पडत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदणीकृत वाटप झाले असेल तर ते कायम राहते. मिळकत वडिलांच्या स्वकष्टाची असेल तर नियम वेगळा. तिचे काय करायचे हे हयातीत वडीलच ठरवतात. मृत्युपत्र न करता ते गेले तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि वडिलांची आई हयात असल्यास ती, या सर्वांना सारखा वाटा.

दुसरी गोष्ट. लग्न कोणाशी केले, घरच्यांच्या मर्जीने केले की मर्जीविरुद्ध, याचा वारशाशी संबंध नाही. दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला घराण्याच्या किंवा समाजाच्या संमतीची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात स्पष्ट केले आहे. 'पळून गेलीस तर वाटा गेला' ही धमकी पोकळ आहे.

तिसरी गोष्ट हक्कसोडपत्राची. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणी कार्यालयात नोंदवावे लागते. एकदा नोंदले की ते रद्द करून घेणे म्हणजे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या. म्हणून कोऱ्या स्टॅम्पपेपरवर, कुलमुखत्यारपत्रावर, साठेखतावर, 'फक्त नावापुरती' म्हणून कोणी सही मागितली तर देऊ नये. फेरफार नोंदीची नोटीस आली तर १५ दिवसांत लेखी हरकत घेता येते. आणि फेरफारात नाव नाही म्हणून हक्क मेला असेही नाही. तो मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे.

चौथी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. व्यवहारात शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सात-बारावरचे नाव. त्या नावावर काट मारली की मुलगी शेतकरी उरत नाही. उद्या चार पैसे गाठीला बांधून तिने स्वतः दहा गुंठे घ्यायचे म्हटले तरी दार बंद. सही देताना नुसते गुंठे जात नाहीत, शेतकरी म्हणून असलेली ओळखही जाते.

आणि वतनाच्या जमिनीबाबत दलालाच्या इसाराला भुलू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय केलेला व्यवहार अंगलट येतो. जमीन सरकारजमा होण्याची पाळी येऊ शकते.

पुढे काय झाले?

एका रविवारी विहारात दोन्ही घरे एकत्र बसली. आम्ही आधीच सांगितले होते की, आज फक्त लग्नाचे बोलायचे, जमिनीचे नाही. तरी भावाने विषय काढलाच. तेव्हा मुलगी म्हणाली, "दादा, तुला गरज असेल तर मी सही देईनही. पण लग्नासाठी देणार नाही. लग्नाला एक वर्ष होऊ दे. तेव्हा तू माग, मी विचार करीन. आज दिली तर ती सही माझी नसेल."

भाऊ उठून बाहेर गेला. सगळे गप्प. आणि मग इतका वेळ कोपऱ्यात बसलेली आई बोलली. "मी माझ्या भावांना अशीच सही दिली होती. एक लुगडं मिळालं. त्यानंतर दहा वर्षं माझा उंबरा कोणी ओलांडला नाही. सहीनं माहेर टिकत नाही, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं." वडिलांनी बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाले, "सही राहू द्या. तारीख धरा."

लग्न विहारात साधेपणाने झाले आणि नोंदणीही झाली. भाऊ आला. आपल्या रिक्षातून गावच्या म्हाताऱ्या बायकांना त्यानेच आणले, पण फोटोला उभा राहिला नाही. वर्ष उलटले, जमीन तशीच आहे आणि मुलीचे नावही कायम आहे. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा अर्धा खर्च तिने उचलला, तोही न मागता. भाऊ आता तिच्याशी बोलतो, जमिनीचा विषय मात्र टाळतो. जालन्याच्या चुलत्यांनी ज्वारीचे पोते बंद केले. मुलाने वडिलांना घेऊन गावी दोन फेऱ्या मारल्या. वाटणी मागायला नव्हे, तर कोणाचे किती ते मोजून लिहून ठेवायला. मोजणीचा अर्ज अजून पडून आहे. सगळे गोड झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण दोघांचा संसार कोणाच्या उपकारावर उभा नाही, एवढे नक्की.

शेवटी चार शब्द

आईवडिलांनो, जमिनीचे काय ते आपण हयात असताना, शुद्धीत असताना, सगळ्या मुलांना समोर बसवून लिहून ठेवा. लग्न ठरल्यावर तो विषय काढू नका. बहिणीने वाटा घेतला तर ती म्हातारपणी सांभाळण्यातही वाटा उचलील. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही मुलगा आणि मुलगी दोघांवर ती जबाबदारी टाकली आहे.

भावांनो, बहिणीकडे गरज सांगा, अट घालू नका. गरज सांगितली तर बहिणी देतात, हे आम्ही पाहिले आहे.

मुलांनो, बायकोच्या माहेरच्या गुंठ्यांवर डोळा ठेवणे हाही हुंडाच आहे. तिने वाटा घ्यायचा की सोडायचा, हे ती ठरवील. त्यात तुम्ही तोंड घालू नका.

आणि मुलींनो, भावावरच्या मायेने वाटा सोडावासा वाटला तर खुशाल सोडा, त्यात कमीपणा नाही. पण लग्नाच्या गडबडीत नको. आधी गावचा सात-बारा स्वतः काढून वाचा, आता तो मोबाईलवरही दिसतो. सहीचा कागद घरी आणून जाणत्याकडून वाचून घ्या. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत सल्ला मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो.

लग्नाचा कागद लग्नाच्या दिवशी, जमिनीचा कागद जमिनीच्या दिवशी. दोन्ही कागद एका टेबलावर कोणी मांडले, तर त्या दिवशी पेन उचलू नका.